नाकावर उभा धरलेला आरसा

ब्याण्णव साली पनवेलच्या एका शाळेत, मुलाचा दाखला घ्यायला आलेली अनुया मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर बाकावर ताटकळत बसली होती. शेजारी कोन गावची भामा, हातात छोटा आरसा, आणि तिची मोठी नणंद.

"आज त्या गनिताच्या मास्तराला सोडनार नाय मी, वन्स!"

"केलं तरी काय त्यानं?"

"सममिती शिकवीत होता. फुलपाखराच्या चित्रावर मधोमध आरसा उभा धरला, की अर्ध्याचं पुरं दिसतं."

"मग बरोबर हाय की."

"अवो, मग आमच्या मनीषाला पुढं उभी केली! तिची एक पापनी पडलेली हाय ना? म्हने, ही बघा, ही सममित नाय. अख्खा वर्ग हसला."

"जळलं मेल्याचं तोंड!"

"पोर जेवली नाय. आरसा घेऊन घरातल्या समद्या फोटोंवर धरत बसली. शेवटी वर्गाच्या फोटोत मास्तराच्या नाकावर उभा केला."

"आनि?"

"डाव्या अर्ध्याचा झाला कोन गुबगुबीत मानूस, उजव्याचा कोन वाळका. मास्तर कुठंच नाय!"

"हसली असंल मनीषा."

"नाय वो. म्हनली, आये, सरांना सांगू नको, त्यांना वाईट वाटंल."

शिपायानं अनुयाचं नाव पुकारलं.

"आधी ह्यांना जाऊ द्या," अनुया म्हणाली.

भामा पदर खोचून उठली.

"अगो भामे, पोरगी सांगू नको म्हनली ना?"

"पोरगी चांगली हाय, वन्स. मी नाय."