काकांचा आवाज आणि नवं बटण

नाही, पण यात माझी चूक काय, तुम्हीच सांगा! आधी संदर्भ नीट देतो, मोघम बोलणं मला जमत नाही: हे मी ऐकलं गेल्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी, जेवणं आटोपल्यावर, प्रत्यक्ष मावशीच्या तोंडून. "अरे, तुझे काका बोलेनासे झालेत!" आता तुम्हाला सांगतो, काकांना जाऊन दोन वर्षं झाली...

त्यांचा घड्याळदुरुस्तीचा ब्लॉग होता. पान उघडलं रे उघडलं की काका सुरू: "या, या! बसा! आज लंबकाचं घड्याळ उघडू!" मावशी रोज सकाळी चहा घेऊन पान उघडायची आणि सवयीने ओरडायची, "अहो, जरा हळू!" आणि एके दिवशी आवाजच बंद. तो वाजवणारं प्लगिन, म्हणजे ब्लॉगला जोडलेलं छोटं यंत्र समजा, फार जुनं. नवे ब्राउझर त्याला दारातच अडवतात. मग मी बसलो, नव्या मानकांप्रमाणे सगळं पुन्हा लिहिलं. मी फक्त प्लगिन अपडेट केलं हो!

पण नवा नियम काय? न विचारता आवाज करायचा नाही! समोरच्याने बटण दाबलं तरच. म्हणून मी बटण ठेवलं, सुबक, गोल, कीबोर्डनेही चालणारं, वर लिहिलं "ऐका".

"हे काय?"

"दाब, की काका बोलतील."

"म्हणजे ते माझ्या परवानगीची वाट बघत बसलेत? ते? तुझ्या आजोबांना एक वाक्य पुरं करू दिलं नाही रे त्या माणसाने!"

मी हसलो... ती नाही हसली.

"जन्मभर मी त्यांना म्हणत आले, गप्प बसा. आता मी दाबलं नाही तर ते गप्प. रोज सकाळी त्यांना मीच गप्प बसवायचं का?"

यावर मानकांत काही लिहिलेलं नाही. मी शोधलं! मी फक्त प्लगिन अपडेट केलं हो...

"जुनं परत लाव."

"मावशी, ते आता कुठेच चालत नाही."

"माझंही तेच झालंय."

परवा फोनवर विचारलं, "दाबलंस का गं?" तर म्हणाली, "चहा गार होतोय, ठेव." दाबलं की नाही, याची खात्री मला आजतागायत करता आलेली नाही. जुनं प्लगिन कोण आलं, काय दाबलं, सगळं गुपचूप टिपायचं. तेही मीच काढून टाकलं. न विचारता टिपणं नव्या नियमात बसत नाही... आणि पुन्हा विचारायची माझी छाती होत नाही.