शेख सरांची ओळ

माझ्या शिस्तीच्या वेडाला तुम्ही हसता ना, तर एक सांगतोच. हिंजवडीच्या ऑफिसात प्रत्येकाच्या कोडची मांडणी वेगळी होती. मी एक टूल बसवलं आणि एका दुपारीत सगळ्या फाइल्स एका नियमात आणल्या. आमच्यातले सर्वांत जुने शेख सर म्हणाले होते, "अहो, चालतंय त्याला कशाला हात लावताय?"

"सर, स्वच्छता नको का?"

पुढच्या महिन्यात सर निवृत्त झाले. आमच्याकडे निरोपाला त्या माणसाची अजून चालू असलेली कोडची सर्वांत जुनी ओळ पडद्यावर दाखवून त्याला चिडवतात. मी शोधायला लागलो. पण सिस्टीम प्रत्येक ओळीपुढे शेवटचा हात लावणाऱ्याचं नाव दाखवते. वरपासून खालपर्यंत माझंच नाव होतं.

निरोपाच्या दिवशी पडद्यावर तोच कोड होता. सरांच्या पत्नी पहिल्यांदाच ऑफिसात आल्या होत्या. त्यांनी हळूच विचारलं, "यातलं तुमचं कुठलं?"

सर म्हणाले, "सगळं या साहेबांनी लिहिलंय. मी नुसता डबा खायला यायचो."

सगळे हसले. त्या मात्र पडद्याकडेच बघत राहिल्या.

सिस्टीममधल्या जुन्या नोंदी उकरून मी सरांची ओळ शोधलीही. खाली धावत गेलो, तोवर त्यांची रिक्षा निघून गेली होती.