बिनभिंतीची खिडकी

…नाही, तुम्हीच सांगा, खिडकीला आधी काय लागतं? भिंत लागते. बावीस वर्षं मी अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या बनवतोय, सरकती, उघडझाप, जाळीची, बिनजाळीची, पण 'भिंत नको' असं आजवर एकाही गिऱ्हाईकाने मला सांगितलं नव्हतं. सांगितलं ते माझ्या मेहुण्याने. बायकोचा धाकटा भाऊ. दुकानात आला, चांगली खुर्ची सोडून रबरपट्टीच्या बंडलावर बसला आणि म्हणतो, "भाऊजी, एक खिडकी हवी. तिकीटखिडकीसारखी. खालून हात जाईल एवढी फट ठेवा." म्हटलं, "बसवायची कुठे?" "प्रदर्शनाच्या हॉलमध्ये, मधोमध." "आणि भिंत?" "भिंत नको." म्हटलं, "अरे, मग ती उभी कशी राहणार?" तर शांतपणे म्हणतो, "पडली तर पडली. तोही कामाचाच भाग."

आता हे 'काम' म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला हवं… मेहुणा कलाकार. पण चित्रं काढणारा नव्हे हं. चित्रकलेच्या कॉलेजात पाच वर्षं काढली, पहिला आला, आणि त्या दिवसापासून ब्रश हातात धरला असेल तर शपथ. म्हणे चित्राला महत्त्व नाही, कल्पनेला आहे. बरं बाबा. पहिल्या प्रदर्शनाला आम्ही कडक इस्त्री करून गेलो, तर दाराला कुलूप, आत हा एकटा काचेतून आमच्याकडे बघतोय, आणि आम्ही दीडशे माणसं उन्हात. एका आजोबांना भोवळ आली, त्यांना मी माझ्या रुमालाने वारा घालतोय, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात काय, तर 'प्रेक्षकालाच चौकटीबाहेर ठेवण्याचं धाडस'. ते वाक्य मी तीनदा वाचलं, तिन्ही वेळा मला ऊनच लागलं. सासऱ्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. तोही कामाचाच भाग. पुढे त्याची बायको सोडून गेली, जाताना चिठ्ठी ठेवून गेली, तर या महाशयांनी चिठ्ठी फ्रेम करून प्रदर्शनात लावली. फ्रेम कुणी केली ते विचारू नका. ती बिचारी बघायला आली, आपलंच अक्षर वाचलं, पर्समधून काजळाची पेन्सिल काढून काचेवरच एक वेलांटी दुरुस्त केली आणि गेली. मला वाटलं, हा आता तरी रडेल. हा वेलांटीखाली तारीख टाकत होता.

हसताय ना? हसा. मीही हसायचो.

मग ते सातव्या मजल्याचं झालं. एक रिकामी पडलेली कचेरी होती, तिच्या सातव्या मजल्याच्या खिडकीबाहेर जेमतेम पाऊल मावेल एवढी पट्टी, त्या पट्टीवर हा भर दुपारी भिंतीला पाठ लावून तासभर उभा राहिला. खाली ही गर्दी. कामाचं नाव 'मी पडलो नाही'. तो फोटो तुम्ही पाहिला नसेल असं होणार नाही, पोरापोरींच्या खोल्यांतून लागला होता. पण फोटोत जे नाही ते तुम्हाला सांगतो. शर्टाच्या आत पट्टा होता, पट्ट्याला दोर, तो मागच्या खिडकीतून आत, आणि आत भिंतीत वीतभर खोल बोल्ट. बोल्ट मी ठोकला. दोराला भिंतीचा रंग दिला, तोही मीच. मी त्याला म्हटलं होतं, "दिसू दे की दोर. लाज कसली?" तर म्हणाला, "भाऊजी, दोर दिसला की काम मेलं." मी म्हटलं, "आणि दोर नसला की तू." दोघंही खूप हसलो. सांगितलं ना, मी हसायचो.

तर दोन वर्षांनी ही खिडकी. वर पाटी, 'तक्रार खिडकी'. अट अशी, की माझ्यामुळे ज्याला ज्याला त्रास झाला त्याने यावं, सांगावं, मी लिहून घेणार, मोठ्याने वाचणार आणि शिक्का मारणार, 'मान्य'. बस. समजूत नाही, भरपाई नाही, नुसतं मान्य. आणि काय रांग लागली म्हणता! भोवळवाले आजोबा आले. मान्य. त्याचे म्हातारे मास्तर आले, "गाढवा, तुझा हात किती चांगला होता." मान्य. आमची ही रांगेत उभी राहिली, स्वतःच्या भावासमोर, परक्यासारखी, आणि म्हणाली, "आई आजारी होती तेव्हा तुला सात फोन केले. तू उचलले नाहीस." त्याने लिहिलं, वाचलं, मारला शिक्का. घरी येऊन ही दोन दिवस जेवली नाही. मी त्याला झापलं, तर तेच. तोही कामाचाच भाग.

चौथ्या दिवशी मी तिथेच होतो. चौकटीचा एक बोल्ट सैल झाला होता, तो आवळत खाली बसलो होतो. तेवढ्यात रांगेतून एक गृहस्थ पुढे आले. शिंपी. मापाची टेप गळ्यातच राहिली होती, काढायची विसरले असावेत. आवाज इतका हळू, की मीच पाना खाली ठेवला.

"माझी मुलगी चित्रकलेच्या कॉलेजात होती. दुसऱ्या वर्षाला. तुमचा तो फोटो तिच्या पलंगाच्या वर होता."

मेहुण्याने लिहिलं.

"वसतिगृहाच्या गच्चीच्या कठड्यावर उभी राहिली. तुमच्यासारखीच, एक तास उभं राहायचं म्हणून. मैत्रिणीला म्हणाली, तू वेळ लाव. मैत्रीण म्हणते, अकरा मिनिटं झाली होती."

मेहुण्याचं पेन थांबलं.

"मला तक्रार करायची नाही. एवढंच विचारायचं होतं, तुम्हाला तिथे भीती कशी नाही वाटली? म्हणजे तिलाही नसेल वाटली, असं मला तिच्या आईला सांगता येईल."

हॉलमध्ये शंभरेक माणसं. मी खाली बसलेला, पाना पायाशी, आणि मला वर बघवेना. मेहुणा म्हणाला, "दोर होता."

"काय?"

"मला दोर बांधलेला होता. दिसू नये म्हणून रंगवला होता."

शिंप्यांचा हात गळ्यातल्या टेपवर गेला. मग म्हणाले, "तिला माहीत नव्हतं." आणि कागदाकडे बोट करून, "शिक्का मारा ना. सगळ्यांना मारता."

त्याने मारला. 'मान्य'. शिक्का दोनदा उमटला.

आणि तुम्हाला सांगतो… टाळ्या पडल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या! त्यांना वाटलं, शिंपी ठरवून आणलेला नट आहे. गॅलरीवाल्या बाई डोळे पुसत पुढे आल्या, शिंप्यांचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "काय ताकदीनं केलंत." ते आपले गोंधळून सगळ्यांना नमस्कार करत बाहेर गेले. मेहुणा उठला, ओरडायला लागला, "अहो, हे खरं आहे. हा कामाचा भाग नाही." तर मागून एकजण दुसऱ्याला सांगतोय, "बघ, तोही कामाचाच भाग."

त्यानंतर त्याने काय नाही केलं? दोराचा फोटो पेपरात दिला. समीक्षकांनी लिहिलं, 'दोर हे समाजाचं प्रतीक'. कॉलेजाकॉलेजांत जाऊन पट्टा दाखवला, हात जोडून सांगितलं, माझं खोटं होतं, कुणी करू नका. पोरांनी वहीत लिहून घेतलं. शिंप्यांकडे गेला. ते म्हणाले, "या, बसा." दर रविवारी जातो. ते शिवतात, हा काजं करतो. शिंपीणबाई अजून बाहेर आलेल्या नाहीत.

शेवटी कला सोडली. जाहीरपणे सोडली, हेच चुकलं. आता सकाळी नऊला माझ्या दुकानात येतो, पट्ट्या कापतो, काचा बसवतो. हात खरंच चांगला आहे हो, मास्तर बरोबर बोलले होते. पण समोरच्या फुटपाथवर रोज पाच-सहा माणसं वह्या घेऊन उभी. हा काच उचलतो, ती लिहितात. हा शिंकतो, ती लिहितात. मी पहिल्यांदा झाडू घेऊन धावलो, तर माझा फोटो छापून आला.

परवा त्यातलाच एकजण अदबीने आत आला. म्हणाला, "हे बघायला किती वाजेपर्यंत खुलं असतं?"

काय सांगणार? म्हटलं, सहापर्यंत. गुरुवारी बंद.