म्हशीच्या तोंडी आत्तींचा आवाज

माझं माहेर नेसरीच्या अंगाला, आणि आमच्या सगळ्या भावकीत कॉलेजला गेलेली पहिली पोरगी मी, बी.कॉम. झाले, हे मी कुणालाबी पहिल्यांदा सांगते, त्यात लाजायचं काय. लगीन होऊन गडमुडशिंगीला आले. राजारामपुरीत एका दुकानात हिशेबाला जाते, तरी सकाळ-संध्याकाळ शेणघाण माझ्याच हाताला. म्हशीची धार तेवढी आत्तींची, म्हंजे माझ्या सासूची. आमची चंद्री दुसऱ्या कुणाला पान्हाच सोडायची न्हाय. आत्ती कासंला बसल्या की बोलत राहायच्या, शेजारणीची भांडणं, माझ्या चुका, सगळं तिच्या कानात, की दूध सुरू.

आता काय सांगू तुम्हाला, गेल्या उन्हाळ्यात दुकानातलं एक गिऱ्हाईक, पोरगंच, पिच्चर काढायला म्हणून घरी आलं. छोटाच पिच्चर. गोठ्यात मालकाचा खून होतो, बघणारी एकटी म्हस, मग फौजदार येऊन म्हशीची साक्ष घेतो आणि म्हस बोलती. मी म्हटलं, बरा हाईस न्हवं? तर म्हणतो, वहिनी, बघा तर खरं. भर दुपारी गोठ्याला काळी ताडपत्री मारून रात केली, एक दिवा लावला, धूर सोडला, फौजदार घामानं भिजून चिंब आणि चंद्री बिथरली. आत्ती कडंला बसून बोलायला लागल्या तशी ती गप उभी, रवंथ करत. पोरगं म्हटलं, म्हशीला आवाज ह्योच पायजे. पण आत्ती कागदावरचं वाक्य म्हणतील तर शपथ. फौजदारानं विचारलं, खून कुणी केला? आत्ती म्हटल्या, नाव सांगून काय करू बाबा, मला उद्याबी ह्याच दावणीला उभं राहायचंय. तेच ठेवलं त्यांनी.

आणि दिवाळीच्या तोंडावर आत्तींना लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. चंद्री कुणाला हात लावू दीना, लाथा झाडायला लागली. आमचे मालक, म्हंजे माझा नवरा, म्हटले, आता बाजार दाखवूया, नुसतं खायला कुठनं घालायचं. त्यांचंबी चुकलं असं न्हाय. पण आत्तींनी ऐकलं आणि डाव्या हातानं खाटंची पट्टी अशी आवळून धरली, की मी म्हटलं, चंद्री गेली तर ह्या बाईजवळ राहिलं काय?

तेवढ्यात पिच्चर तयार होऊन फोनवर आला. मालक म्हटले, लाव की गोठ्यात, आवाज ऐकून सोडंल दूध. लावला. फोनात चंद्रीचं तोंड हललं आणि आत्तींचा आवाज आला. चंद्रीनं फोन हुंगला, मान वळवून मागं बघितलं, कुणी न्हाय बघून हंबरली. दूध टिपूसभर न्हाय. आणि उघड्या दारातनं दिसलं, आत खाटंवर आत्तींनी आवाज ऐकून तोंड भिंतीकडं फिरवलं. मी बंद केला. परत लावला न्हाय.

मग मीच बसले. आत्तींना खुर्चीत बसवून दावणीपाशी आणलं. म्हशीशी काय बोलायचं, मला कुठं ठावं? शेठ कसा, बस कशी भरती, सगळं सांगून झालं, ती ढिम्म. शेवटी चिडून आत्तींचंच गाऱ्हाणं काढलं, त्यांच्यासमोर. बघ की गं चंद्रे, मी कमावून आणलं तरी ह्या बाईनं माझ्या भाकरीला कधी बरी म्हटलं न्हाय. तर आत्तींच्या घशातनं खर्र करून आवाज आला. अर्ध्याच तोंडानं, पण हसत होत्या त्या. चंद्रीनं कान हलवले, अंग सैल सोडलं आणि धार आली. माझ्या बोलण्यानं की त्यांच्या हसण्यानं, कुणाला ठाऊक.

बाजाराचं नाव आता कुणी काढत न्हाय. दूध मात्र पहिल्याच्या निम्मंच. कंबर मोडती, बस चुकती, गाऱ्हाणी संपली म्हणून रोज नवी रचून सांगाय लागतात, आणि कमी पडलं की आत्ती डाव्या हातानं खुणावतात, बोल, बोल. दमायला होतंय ओ. तुमच्या घरातलं बोलणारं माणूस बोलतं राहू दे, एवढंच म्हणते.