उद्याची सभा खेळीमेळीत पार पडली

अकरम: ...सही तेवढी करा मावशी. अजून चाळीस घरं राह्यली.

जनकाबाई: थांब रे बापू. तू ग्रामविकास मंडळाचा सचिव ना? मंग सभेचं रजिस्टर घरोघरी काऊन फिरवतो?

अकरम: सभेले कोणी येत नाही, म्हणून सभाच लोकाईच्या घरी जाते. बारा वर्षांची पद्धत आहे.

जनकाबाई: अन् ही सभा कधी झाली?

अकरम: उद्या.

जनकाबाई: उद्या झाली?

अकरम: सकाळी अकरा वाजता. खेळीमेळीत पार पडली.

जनकाबाई: दे इकडं. "विषय चौथा. गावाच्या वेशीवर स्वागत कमान बांधावी. सूचक, श्रीमती जनकाबाई..."

अकरम: या अल्ला! तुम्हाले वाचता येते?

जनकाबाई: दिवाळीपासून. सुनेनं शिकवलं, धम्मशीलानं. मी कमान मांगितली?

अकरम: जोरदार. दोघांचा विरोध होता, तुम्ही त्याईची समजूत काढली.

जनकाबाई: आमच्या गल्लीत नळ नाही, अकरम. डोक्यावर हंडा घेऊन त्या कमानीखालून जाऊ काय?

अकरम: नळाचं सभेत कोणी बोललंच नाही.

जनकाबाई: बोलाले होतं कोण?

अकरम: ...मीच.

जनकाबाई: कामाईची यादी तालुक्याले, संग्रामपूरले, कधी जाते?

अकरम: परवा. मंग वर्षभर बदल नाही.

जनकाबाई: तर मी सही करत नाही. मीच येते. गल्लीतल्या वीस बाया आणते.

अकरम: वीस! मावशी, मंडळाकडं सतरंजी एकच आहे. तिची घडी बी अजून दुकानातलीच आहे.

जनकाबाई: आम्ही आपापली पोती आणतो.

अकरम: अन् सगळ्या बोलतील?

जनकाबाई: एकदमच.

अकरम: मले तसं लिहिता येत नाही. आजवर सगळ्याईच्या वतीनं मी एकटाच बोलत आलो.

जनकाबाई: शिकशीन. मी शिकली ना?

अकरम: मंग ह्या पानाचं काय करू?

जनकाबाई: "खेळीमेळीत" राहू दे. बाकीचं खोड.

अकरम: खोडलं. मावशी, खरं सांगू? बारा वर्षांत पहिल्यांदा मले ठाऊक नाही, सभेत काय होईन.

जनकाबाई: भेव वाटते?

अकरम: थोडं.

जनकाबाई: मंग उद्या जरा लवकर येजो. सतरंजी झटकावी लागन.