डेल किंवा कोल्टन

नाही, तुम्हीच सांगा मला, 'किंवा' हा काय भिंतीवर चिकटवायचा शब्द आहे का? बत्तीस वर्षं कोचिंग केलेला माणूस, अख्खा ऑगस्ट सरावात गेला, सरावाचे तीन सामनेसुद्धा झाले, आणि मंगळवारी सकाळी आमच्या खोलीच्या दारावर पहिल्या सामन्याची यादी लागली, तर सगळ्यात वर काय? क्वार्टरबॅक : डेल हुपर किंवा कोल्टन व्हिटेकर. किंवा! अहो, उद्या बायकोला विचारलं आज जेवायला काय, आणि ती म्हणाली कोंबडी किंवा उपास, तर माणसानं हात धुवून बसायचं की नाही?

आता क्वार्टरबॅक म्हणजे आमच्या फुटबॉलमधला तो, जो चेंडू फेकतो, ज्याचा फोटो कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यावर छापतात, ज्याच्या नावाचा शर्ट घालून सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्या चर्चमध्ये येऊन बसतात. आणि मी सेंटर. गस पालका. सेंटर म्हणजे तो, जो या महाराजांच्या पुढ्यात ओणवा होतो आणि दोन पायांमधून चेंडू मागे देतो, की लगेच समोरचा दीडशे किलोचा रेडा त्याच्या अंगावर येतो. लग्नाच्या फोटोत ज्याचं नुसतं कोपर येतं ना, तो मामा म्हणजे मी. अकरा वर्षं टोलेडो ग्लासमेकर्सकडे आहे, आणि अकरा वर्षांत पेपरात माझा एकच फोटो आला, तोही मागून. तर माझ्या मागे कुणी उभं राहायचं हे ठरवणार कोण? टीमच्या मालकीणबाई, कोच ब्रॅनिगन, पेपरवाले, रेडिओवाले. मला कोण विचारतंय? मी वाकतो.

बरं, दोघं एकसारखे असते तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण डेल म्हणजे नऊ वर्षांचा राखीव. नऊ वर्षं हातात पाटी-पेन्सिल घेऊन मैदानाच्या कडेला उभा. आमचा जुना क्वार्टरबॅक शिंकला तरी हा टोपी काढून तयार, आणि तो मेला शिंकून परत खेळायला जायचा. नऊ वर्षांत चार सामने मिळाले त्याला, फक्त चार. आणि मोसमाचा पहिला सामना? एकदाही नाही. दर वर्षी पहिल्या सामन्याला आयोवाहून त्याची आई येते, मुलगा खेळणार नाही हे पक्कं माहीत असतं तरी कोटाला इस्त्री करून येते, आणि त्याला पाटी धरलेला बघून टाळ्या वाजवते. यंदा जुना गेला गुडघा घेऊन घरी. डेल चौतीसचा झाला. आता नाही तर कधीच नाही, हे पाटीला पण कळलं असेल.

आणि दुसरीकडे कोल्टन. बावीस वर्षांचा, कॅलिफोर्नियाचा, अजून एक खरा सामना खेळलेला नाही, पण शांपूची जाहिरात आधीच झालेली. या पोराला मिळवायला मालकीणबाईंनी पुढच्या दोन वर्षांत नवी पोरं निवडायचे आमचे पहिले हक्क दुसऱ्या टीमला देऊन टाकले. वर तो डावखुरा. म्हणजे चेंडू हवेत उलटा फिरणार, पकडणाऱ्यांची बोटं उलटी होणार, पाठ राखणाऱ्यांनी जागा बदलायच्या. आणि हात असे गार की काय सांगू. चेंडू घ्यायला मागून हात लावला की मी दचकून दोन यार्ड पुढे. पण बोलतो कसा? "सॉरी, मिस्टर पालका." मिस्टर! ड्रेसिंग रूममध्ये मला आजवर लोकांनी म्हैस म्हटलंय, कपाट म्हटलंय, मिस्टर कुणी म्हटलं नव्हतं.

आणि गावाला तर एवढंच काम. दाताच्या डॉक्टरकडे गेलो, त्यानं माझ्या तोंडात मनगटापर्यंत हात घातला आणि मग विचारतो, "काय गस, डेल का कोल्टन?" मी म्हटलं, "आँ आँ." तो म्हणतो, "अगदी माझं पण हेच मत." फादर लेशेक कबुलीजबाब ऐकायला बसतात ना पडद्याआड, तिथं मी माझी पापं सांगतोय तर पलीकडून, "ते असू दे रे, डेलचा खांदा कसा आहे?" सासूबाई तर काय, पिरोगी, म्हणजे आमच्या पोलिश करंज्या, वाढतानाच, "डेललाच घ्यायला हवं, किती सालस आहे." सासूबाई, त्याला चेंडू फेकायचाय, तुमच्याकडे भाड्यानं राहायचं नाहीये. पण सगळ्या गावाचा लाडका डेलच. का? कारण खेळत नाही. जो खेळत नाही त्याच्या हातून चेंडू कधी पडत नाही, साधा हिशेब आहे.

आणि कोचला विचारायला जावं तर तो दोन्ही हात वर करून, "दोघंही उत्तम. आम्ही दिवसागणिक बघतोय. स्पर्धा चांगली असते." अरे बाबा, दिवसागणिक बघायला तो काय ताप आहे? रविवारी एक वाजता सामना, आणि रविवारी साडेअकरापर्यंत किंवा! साडेअकराला मालकीणबाईंचा फोन आला म्हणतात. कोच आला, पायातल्या बुटांकडे बघत म्हणाला, "कोल्टन." संपलं. डेलनं पाटी उचलली. वर बाविसाव्या रांगेत त्याची आई इस्त्रीच्या कोटात बसलेली. मला काय वाटलं ते कुणी विचारलं? मी वाकलो.

आता एक गोष्ट सांगतो, ही कुणाला ठाऊक नाही. म्हणजे तेव्हा नव्हती. सरावात सगळे म्हणतात ना, गस पालका किती चपळ, क्वार्टरबॅकनं 'हट' म्हणून इशारा द्यायला आणि चेंडू हातात पडायला एक गाठ. चपळ कसला डोंबलाचा! सरावात माझ्या मागे नऊ वर्षं डेल, आणि डेलला एक खोड. 'हट' म्हणायच्या आधी घसा खाकरतो. अगदी हळू, खर्र. खाकरल्याशिवाय त्याची गाडीच सुरू होत नाही. त्या खाकरण्यावर माझा हात निघतो आणि 'हट'वर चेंडू पोचतो. मला आगाऊ खबर असते हो, बाकी काही नाही. नऊ वर्षांत हजारो वेळा. डोकं मध्ये येतच नाही, घशापासून थेट मनगटापर्यंत रस्ता.

तर पहिलाच डाव. चेंडू आमच्याकडे, मागे आमचीच गोलरेषा पंधरा यार्डांवर. आपल्या मैदानावर आपला क्वार्टरबॅक बोलायला लागला की आपले लोक गप्प बसतात, हा रिवाजच आहे, पोरांना हूं की चूं करू देत नाहीत. साठ हजार माणसं आणि पाखराचा आवाज ऐकू येईल अशी शांतता. या डावाला कोल्टन माझ्या मागे पाच पावलांवर, मान वळवून कुणाला तरी जागा बदलायला सांगतोय. आणि पोराच्या घशाला पडली असेल कोरड, पहिला सामना, बावीस वर्षांचं वय, पडणारच. त्यानं घसा खाकरला. खर्र.

मी चेंडू दिला!

दिला म्हणजे काय, पाठवला. त्याचं तोंड तिकडे, चेंडू त्याच्या कानाजवळून मागे, टप्पे खात आमच्याच रेषेपलीकडे, आणि समोरच्या क्लीव्हलंडचा एक जाड्या चेंडूवर असा निवांत पडला, जसा सोफ्यावर पडावा. सात गुण त्यांना. खेळ सुरू होऊन चौदा सेकंद झाले होते. पुढे पोरगं बरं खेळलं, खरंच बरं खेळलं, पण हरलो शेवटी सतरा-चोवीस. किती गुणांनी? करा वजाबाकी.

आणि तुम्हाला सांगतो, माझ्याकडे एकानं बघितलं नाही. एकानं! साठ हजार लोक ओरडतायत, "डेल! डेल!" रेडिओवर तो घोगरा म्हणतोय, "पोराचं लक्षच नव्हतं, हातांत लोणी." आणि सामन्यानंतर कोल्टन कॅमेऱ्यांपुढे उभा राहून सांगतोय, "चूक माझी. चेंडू पकडणं माझं काम आहे." मी त्याच्या मागून टॉवेल गुंडाळून आंघोळीला चाललो होतो. थांबलो का? नाही थांबलो. पाणी छान गरम होतं. लाज वाटली, पण पाणी गरम होतं हे खरं.

सोमवारी सामन्याची फिल्म बघायची असते. अंधारी खोली, कोच तो एकच डाव पुढे मागे, पुढे मागे, वीस वेळा. "हे बघा, हात कुठे आहेत त्याचे? डोळे कुठे आहेत?" सगळे कोल्टनच्या हातांकडे बघतायत. कोल्टन पण स्वतःच्या हातांकडे बघतोय. मी कॉफीकडे. आणि माझ्या मागच्या रांगेत डेल. नऊ वर्षं नुसतं बघायचं काम केलेला माणूस हो, त्याच्या नजरेतून काय सुटणार? अंधारात तो मुद्दाम, अगदी हळू... खर्र.

अख्खी कॉफी माझ्या मांडीवर. हात गेला ना निघून!

नंतर गाड्या लावतो तिथं डेल आला, माझ्या गाडीला टेकून उभा राहिला. म्हणाला, "गस, नऊ वर्षांत मी तुझ्याकडे काही मागितलंय?" मी म्हटलं, "नाही." म्हणाला, "आताही मागत नाहीये." आणि गेला. आता याला काय म्हणायचं? मागितलं असतं तर नाही तरी म्हणता आलं असतं. न मागणाऱ्याला माणूस काय देणार आणि काय नाकारणार! गप्प बसायचं, बास, एवढंच तर होतं. मी गप्प, तर रविवारी डेल मैदानात, त्याची आई टाळ्या वाजवणार, या वेळी कारणासकट. आणि गप्प बसायला मला काय लागतं? अकरा वर्षं मी दुसरं केलंय काय?

मी बसलोही असतो. पण संध्याकाळी सराव संपल्यावर बघतो तर हे कॅलिफोर्नियाचं ध्यान नळापाशी बादलीत गरम पाणी घेऊन दोन्ही हात बुडवून बसलंय. म्हणतो, "मिस्टर पालका, माझे हात गार लागतात ना तुम्हाला? त्यामुळे तर नाही ना बिघडलं? मी आता रोज आधी हात शेकून येत जाईन." अरे! चेंडू तुझ्या हाताला लागलाच नाही रे गाढवा, तू कसले हात शेकतोस? पण ते तोंडावर म्हणता येतंय का? मी म्हटलं, "पाणी फार कढत घेऊ नकोस." आणि रात्रभर काही खरं नाही. बायको, रोंडा, म्हणाली, "तू कूस बदलतोस की घर?"

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी कोचनं बोलावलं. दार लावलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा, ऐका हं, पहिल्यांदा त्या माणसानं मला विचारलं, "गस, तुझ्या मागे कोण हवा? तू सांगशील तो." बघा नशीब! साऱ्या गावानं मत दिलं, दाताच्या डॉक्टरानं दिलं, फादरनं दिलं, आणि मला विचारलं कधी, तर जेव्हा उत्तर दिलं की एक तर मित्र जातो नाही तर ते पोरगं जातं. घसा असा सुकला की खाकरायची चोरी. शेवटी म्हटलं, "कोच, तो चेंडू मी लवकर दिला. पोराची काही चूक नाही."

कोच हसला. म्हणतो, "पोराला पाठीशी घालतोयस. चांगला माणूस आहेस तू."

"अहो, खरंच माझी चूक."

"सेंटरची चूक? कुठल्या पेपरात आहे?"

आता आली का पंचाईत? आयुष्यात एकदा खरं बोललो, तर विश्वास नाही. मी म्हटलं, "तुम्ही घसा खाकरा."

"काय?"

"खाकरा हो."

खाकरला. टेबलावरचा फुलदाणीएवढा चषक गेला खाली. कोच बघतच राहिला. परत खाकरला, टेलिफोन गेला. तिसऱ्यांदा तर तो नुसता मजा म्हणून खाकरला, मला खात्री आहे, तेव्हा त्याच्या बायकोचा फोटो गेला. मग उठला, माझ्या खांद्यावर हात ठेवला, डोळ्यांत पाणीबिणी, म्हणाला, "असा प्रामाणिक माणूस मी बत्तीस वर्षांत बघितला नाही, गस." मी बाहेर आलो तो असा हलका होऊन, काय सांगू, गुडघेसुद्धा दुखेनात.

अर्ध्या तासात यादी लागली. गर्दी हटवून पुढे गेलो. क्वार्टरबॅक : कोल्टन व्हिटेकर. स्वच्छ, ठसठशीत, एकच नाव. डेलचं खाली, राखीवमध्ये. म्हटलं चला, 'किंवा' गेला एकदाचा. मग सवयीनं खाली माझ्या ओळीवर नजर गेली. अकरा वर्षं त्या ओळीत मी एकटा, सहसा वाचतही नाही.

सेंटर : गस पालका किंवा ओवेन ट्रिम्बल.

ट्रिम्बल कोण? गेल्या आठवड्यात आणलेला, तेवीस वर्षांचा, मान नसलेला पोरगा. आणि कोच जाता जाता पाठीवर थाप मारून काय म्हणतो? "स्पर्धा चांगली असते, गस."

मी तिथंच उभा. शेजारी कुणीतरी येऊन थांबलं. डेल. त्यानं यादी वाचली, वरपासून. स्वतःचं नाव वाचलं, मग माझं वाचलं, मग माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, आता बोल बाबा, शिव्या दे, नऊ वर्षांच्या काय त्या एकदम दे, मला चालतील. काहीतरी बोलायचं होतं त्याला, दिसत होतं. ओठ हलले. त्यानं घसा खाकरला.

आणि तुम्हाला सांगतो, भर दारात, सगळ्या टीमसमोर... मी वाकलो.