खोटं कुलूप

— नाही हो, खराब नाही ती, उलट फार चांगली चालते, तेच तर — तुम्ही बसा ना, हर्डलिचका, मी उभाच बरा. सोमवारी मी जुना संगणक विकला ना तुम्हाला, त्यातली फक्त डिस्क द्या. बाकी ठेवा. पुसून का नाही दिली? विचाराल, कोणीही विचारेल. अहो, तीस वर्षं मी तेच करतोय — डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद करणारा प्रोग्राम, संगणकाच्या अगदी पोटातला, तो मी सांभाळतो — मी कशाला पुसू? किल्लीशिवाय तिथे नुसता कचरा दिसतो. दिसायला हवा.

झालं काय, तो चालायचा हळू. कुलूप लागण्याआधी मजकूर रांगेत उभा, लागल्यावर पुन्हा रांगेत — आपल्या स्टेशनजवळच्या पोस्टासारखं. रांगांमध्ये किती वेळ जातो हे मोजायचं, म्हणून मी माझ्याच डिस्कवर खोटं कुलूप बसवलं — जे आत जाईल ते तसंच बाहेर. दहा मिनिटांपुरतं हो. मग एक रांग काढून टाकली. वेग दुप्पट. सगळ्यांनी अभिनंदन केलं. आणि खोटं कुलूप राहिलं तसंच. अकरा महिने. आज सकाळी कळलं. गॅस बंद केला का हे मी तीनतीनदा बघतो — पण वेग वाढला की कोण शंका घेतो?

महत्त्वाचं काही नाही त्यात. रोजनिशी. घरातलं, जेवणाबिवणाचं. आमची ही, क्वेता, रविवारी क्नेडलिकी करते, पिठाचे उकडलेले गोळे — एक्केचाळीस वर्षं, दगडासारखे — आता हे तोंडावर बोलता येतं का? नाही येत. मग ती भाजी आणायला स्वयंपाकघरात गेली की मी खिडकी उघडतो आणि — असो. माणूस लिहून मोकळा होतो. तुमच्या मिसेस तिच्याबरोबरच गातात ना, चर्चमध्ये? गुरुवारी. म्हणजे आज.

तुम्ही उघडली नसेलच. चालते का एवढंच बघितलं असेल, धंदाच आहे तुमचा. मी उगाच घाबरतो, क्वेताही तेच म्हणते.

काय? — कुत्रा? बरा आहे. जाड झालाय. शेजारच्यांना कळत नाही कशानं.

...

मी कुत्र्याचं नाव काढलं नव्हतं, हर्डलिचका.

मिसेस निघाल्या का घरून?

नको, पिशवी नको. खिशात मावेल.